सायकल-दुरुस्तीचा प्रत्यर्पणकाल : पुण्यातील एका व्यवसायाचा इतिहास आणि त्याची परिभाषा

१. विषय व त्याची व्याप्ती

वाहनाचा इतिहास लिहिताना ते कोणी शोधून काढले, कोणी बनविले आणि कोणी विकत घेतले, या तीन प्रश्नांचा विचार बहुधा केला जातो. ते बिघडल्यावर कोणी दुरुस्त केले आणि त्या कामास किती वेळ लागला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सायकल एकदा विकत घेतली जाते आणि नंतर वीस-पंचवीस वर्षे तिची दुरुस्ती चालू राहते. कारखान्याशी मालकाचा संबंध एकदाच येतो, तोही अप्रत्यक्ष; कोपऱ्यावरच्या दुकानाशी मात्र तो वर्षानुवर्षे येत राहतो. म्हणून सायकलीच्या सामाजिक इतिहासाचा मोठा भाग हा तिच्या दुरुस्तीचा इतिहास होय, असे म्हणावयास हरकत नाही.

सायकल दुकानात दिल्यापासून ती मालकाच्या हाती परत येईपर्यंत जो काळ जातो, त्यास प्रस्तुत निबंधात 'प्रत्यर्पणकाल' अशी संज्ञा योजिली आहे. याचे दोन घटक मानावे लागतात. कारागिराचा हात प्रत्यक्ष सायकलीवर चालू असतो तो 'कृतिकाल' आणि सायकल नुसती उभी असते तो 'प्रतीक्षाकाल'. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु पुढील सर्व विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

कारागीर वेळ पाळीत नाही, 'उद्या या' हे त्याचे ठरलेले उत्तर असते, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. शिंपी व सोनार यांच्याविषयी ती विशेष प्रचलित असली, तरी सायकलवालाही तीतून सुटलेला नाही. या समजुतीत उशिराचे कारण कारागिराच्या स्वभावात शोधले जाते. ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कामाच्या गतीने मोजलेला काळ आणि घड्याळाने मोजलेला काळ यांतील फरक दाखवून दिल्यापासून 'आळशी कारागीर' या कल्पनेकडे इतिहासकार अधिक सावधपणे पाहू लागले आहेत. डेव्हिड आर्नल्ड यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आदी लहान यंत्रांच्या द्वारे भारतीय आधुनिकतेचा विचार केला आहे. त्याच दिशेने एक पाऊल पुढे जाऊन, सायकल-दुरुस्तीस लागणारा काळ सुट्या भागांचा पुरवठा, त्यांची मानके आणि कामाची रांग या तीन गोष्टींनी ठरत आला, कारागिराच्या स्वभावाने नव्हे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. उदाहरणासाठी पुणे शहर निवडले आहे. 'सायकलींचे शहर' ही त्याची ख्याती विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वश्रुत होती.

२. कामाचे वर्ग आणि क्रियापदांची साक्ष

लिखित साधने जेथे अपुरी असतात, तेथे भाषा हेच एक साधन ठरते. सायकल-दुरुस्तीच्या मराठी परिभाषेत नामे बहुतेक इंग्रजी आहेत : टायर, ट्यूब, रिम, स्पोक, चेन, फ्रीव्हील, क्रँक, कॉटर पिन. त्यांच्या जोडीस छर्रे, वाट्या, पाना, पक्कड, कानस, आटे असे जुन्या कारागिरीचे शब्द येऊन बसले आहेत. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, नामे परकी असली तरी क्रियापदे सर्वस्वी मराठी राहिली. आणि वेळेचा हिशेब त्या क्रियापदांत साठविलेला आहे.

मराठीत पंक्चर 'काढतात'. हिंदीत ते 'लावतात' किंवा 'बनवितात'. हिंदी भाषकाच्या लेखी वर चिकटविलेले ठिगळ हे पंक्चर होय. मराठी भाषकाच्या लेखी आत शिरलेला दोष हे पंक्चर होय. काटा काढावा, दृष्ट काढावी, त्याप्रमाणे तो दोष काढून टाकावयाचा. वाकडे फिरणारे चाक स्पोक कमी-अधिक ताणून सरळ करण्याच्या क्रियेसही 'आउट काढणे' असेच म्हणतात. 'काढणे' हे क्रियापद लागणारी ही कामे एका दोषापुरती मर्यादित असतात. दोष गेला की काम संपले.

याच्या उलट संपूर्ण सायकल खोलून, रॉकेलने धुऊन, छर्रे बदलून, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याचे जे मोठे काम, त्यास 'ओव्हरहॉलिंग' म्हणत. हा शब्द मूळचा नाविकांचा. दोर उलट ओढून सैल करणे व जहाजाची साधने तपासणे या अर्थापासून तो यंत्रांच्या तपासणीकडे आला. मराठी बोलण्यात त्याचे रूप पुष्कळदा 'ओव्हरऑइलिंग' असे झाले. लोकव्युत्पत्तीचे यापेक्षा चांगले उदाहरण विद्यार्थ्यांस क्वचितच सापडेल. मूळ शब्दातील 'हॉल' हा धातू अपरिचित होता. तेल देण्याची क्रिया मात्र डोळ्यांसमोर होती. म्हणून कानाने ऐकलेल्या ध्वनीस डोळ्यांनी पाहिलेला अर्थ जोडला गेला. 'वॉशर'चा 'वायसर' झाला तो केवळ ध्वनिबदल होय. 'ओव्हरऑइलिंग' मात्र अर्थाच्या शोधातून झालेला बदल आहे.

आता कालवाचक भेद पाहू. गिऱ्हाईक 'हवा भरून घेतो', 'पंक्चर काढून घेतो'; पण सायकल 'ओव्हरहॉलिंगला टाकतो'. '-ऊन घेणे' या रचनेत गिऱ्हाईक जागेवर हजर असतो. '-ला टाकणे' या रचनेत वस्तू मागे राहते आणि माणूस निघून जातो. दळण टाकणे, कपडे शिवायला टाकणे, इस्त्रीला टाकणे ही याच वर्गातील होत. कारागिराच्या बाजूनेही हाच भेद दिसतो. 'करून देतो' असे तो समोर उभ्या असलेल्या माणसास म्हणतो. 'संध्याकाळपर्यंत करून ठेवतो' असे जाणाऱ्या माणसास म्हणतो. 'ठेवतो' या साहाय्यक क्रियापदात वस्तूचा मुक्काम गृहीत धरलेला आहे.

या भाषिक भेदांवरून कामाचे तीन वर्ग सहज पडतात. पहिला, उभ्या उभ्या होणारी कामे : हवा, पंक्चर, वॉल्व्ह ट्यूब, ब्रेक आवळणे. दुसरा, सकाळी टाकून संध्याकाळी न्यावयाची कामे : चाकाचा आउट काढणे, तुटलेले स्पोक बसविणे, कॉटर पिन बदलणे. तिसरा, रात्र उलटणारी कामे : ओव्हरहॉलिंग, वाकलेला सांगाडा सरळ करणे, रंगकाम. रंगकामात सुकण्याचा काळ हा कृतिकालही नव्हे आणि रांगेतील प्रतीक्षाही नव्हे. तो पदार्थाच्या गुणधर्माने ठरतो. पंक्चरमध्येही असा एक अटळ काळ आहे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून भोक शोधणे, ती जागा कानशीने खरखरीत करणे, सोल्युशन लावणे हे सर्व झपाट्याने उरकता येते. परंतु सोल्युशन काही मिनिटे वाळल्याविना ठिगळ धरत नाही. घाईच्या गिऱ्हाइकासाठी तेवढा वेळ वाचविणारा कारागीर दुसऱ्याच दिवशी तेच काम पुन्हा करीत बसतो.

३. आयातीचा काळ

साखळीने मागील चाक फिरविणारी 'सुरक्षित' सायकल जे. के. स्टार्ली यांनी १८८५ साली इंग्लंडात प्रचारात आणली. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे एकस्व घेतले. १८९१ साली फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी रिमवरून सहज काढता येणारा टायर आणला. दुरुस्तीच्या इतिहासात या तिसऱ्या घटनेचे महत्त्व सर्वाधिक आहे. त्यापूर्वी टायर रिमला चिकटविलेला असे. तो सोडवून पुन्हा चिकटविणे हे रात्र उलटणारे काम होते. टायर सुटा झाला आणि पंक्चर हे उभ्या उभ्या होणारे काम बनले. प्रत्यर्पणकाल इतक्या झटक्याने घटल्याचे दुसरे उदाहरण या व्यवसायात नाही.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात सायकलीच्या दुकानास जे स्थान मिळाले, ते किर्लोस्कर बंधूंमुळे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मानतो, आणि तो आरंभ बेळगावच्या सायकलीच्या दुकानाशी जोडलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. तेथून सायकली घेऊन ते बेळगावी आपले बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत. पुढे नांगर आणि चाराकापणी यंत्र यांचा कारखाना निघाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, माल मुंबई बंदरात उतरत असे आणि दुकान बेळगावी होते. सायकल जेथून आली, तेथूनच तिचा तुटलेला भागही यावयाचा. मुंबईत तो नसेल तर विलायतेकडे मागणी नोंदविणे आणि आगबोटीची वाट पाहणे याखेरीज इलाज नसे. अशा वेळी कृतिकाल तासाचा आणि प्रत्यर्पणकाल महिन्यांचा होई.

या स्थितीत भर पडत असे ती मानकांच्या भिन्नतेने. इंग्लंडातील सायकल-अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेल्या मानकात मधल्या आसाच्या वाटीस एका इंचात २४ आटे असत. रॅले कंपनी मात्र आपल्या स्वतःच्या मापाने २६ आटे पाडीत असे. दोन्ही वाट्या दिसावयास सारख्याच. पण एकीच्या जागी दुसरी बळजबरीने बसविली तर सांगाड्याचे आटे जात. सायकल दिसताच कारागीर प्रथम तिचे नाव वाचीत असे, त्याचे कारण प्रतिष्ठेत शोधण्याचे प्रयोजन नाही. बीएसए, हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स, रॅले यांतील कोणती आहे यावरून 'आज' म्हणावयाचे की 'पाहून सांगतो' म्हणावयाचे, हे ठरत असे.

४. युद्धकाळ आणि देशी उत्पादन

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील सायकल-कारखाने युद्धसाहित्याकडे वळले आणि आयात आटली. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले. मलायाचे रबर जपानच्या ताब्यात गेले आणि टायर-ट्यूब दुर्मीळ झाल्या. भाग बदलण्यावर आधारलेली दुरुस्ती अशा वेळी भाग जगविण्यावर येते. फाटलेल्या टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे 'गेटर' घालणे, ठिगळावर ठिगळ लावणे, झिजलेल्या भागास पितळेची झाळ देणे, आटे नव्याने पाडणे ही कामे कारागिराचा कृतिकाल वाढविणारी आहेत. आयातीच्या काळात सायकल भागाची वाट पाहत उभी राही. टंचाईच्या काळात वाट पाहण्यासारखे काही येणारच नसल्यामुळे कारागिरास हातानेच मार्ग काढावा लागे. प्रत्यर्पणकाल दोन्ही वेळी दीर्घ; परंतु त्याची घडण भिन्न. घटक वेगळे केल्याविना हा फरक दिसत नाही.

मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना होताच. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स, आसनसोलजवळ सेन-रॅले, सोनिपत येथे अॅटलस आणि लुधियाना येथे हीरो हे कारखाने उभे राहिले. लुधियाना हे तर सुट्या भागांचे देशातील प्रमुख केंद्र बनले. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने सायकलीच्या निरनिराळ्या भागांची मानके ठरविण्याचे काम हाती घेतले.

याचा परिणाम दुकानात असा झाला की, अठ्ठावीस इंची काळी सायकल हीच सर्वसाधारण सायकल ठरली. पुढील चाकास ३२ स्पोक, मागील चाकास ४०. पुढील आसात तीन षोडशांश इंचाचे छर्रे, मागील आसात पाव इंचाचे. टायर अठ्ठावीस गुणिले दीड. नाव कोणतेही असो, भाग बहुतांशी एकमेकांच्या जागी बसू लागले. कारागिराने दोन-चार डबे भरून ठेवले की दहापैकी नऊ कामांस लागणारा माल हाताशी राही. भागाच्या शोधार्थ जाणारा प्रतीक्षाकाल त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला आणि 'संध्याकाळी न्या' हे वचन देणे व पाळणे शक्य झाले. वचन देणाऱ्या माणसाचा स्वभाव तोच होता; बदलली होती ती त्याच्या मागच्या फळीवरील डब्यांची स्थिती.

५. रांगेचे गणित

पुरवठा सुधारल्यावर प्रतीक्षाकालाचा जो भाग शिल्लक राहिला, तो रांगेचा होय. येथे गणिताची मदत घ्यावी लागते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक सोपा नियम असा : दुकानात सरासरीने जितक्या सायकली असतात, तो आकडा म्हणजे दररोज येणाऱ्या सायकली आणि प्रत्येकीचा सरासरी मुक्काम यांचा गुणाकार. समजा, एका दुकानात 'टाकलेल्या' १२ सायकली नेहमी उभ्या दिसतात आणि दिवसास ६ बाहेर पडतात. तर प्रत्येकीचा सरासरी मुक्काम दोन दिवसांचा होय. मालक व एक मदतनीस मिळून दिवसाचे १८ तास काम करीत असतील, तर प्रत्येक सायकलीच्या वाट्यास फार तर तीन तासांचा कृतिकाल येतो. म्हणजे कामकाजाच्या अठरा तासांपैकी एक षष्ठांश काळ काम आणि बाकीचा काळ प्रतीक्षा. इतिहासाच्या विद्यार्थ्यास या नियमाचा उपयोग उघड आहे. एखाद्या जुन्या छायाचित्रात दुकानासमोर उभ्या असलेल्या सायकली मोजता आल्या आणि त्याच दुकानाच्या वहीतून दिवसाच्या कामांची संख्या मिळाली, तर कोणी लिहून न ठेवलेला प्रत्यर्पणकाल अदमासाने काढता येतो. अर्थात भाड्याच्या सायकली वजा करावयास विसरता कामा नये.

रांगेत सर्वांचा क्रम समान नसतो, हीही एक महत्त्वाची गोष्ट. पंक्चर झालेला गिऱ्हाईक समोर उभा असतो. त्यास कचेरीत जावयाचे असते. त्याचे काम आधी करणे हा या व्यवसायाचा अलिखित नियम. दिवसातून आठ पंक्चर आली आणि प्रत्येकास वीस मिनिटे लागली, तरी १६० मिनिटे गेली. नऊ तासांच्या दिवसाचा हा सुमारे तीन दशांश भाग होतो. तेवढा वेळ 'टाकलेल्या' सायकलींच्या हिश्शातून जातो. तेव्हा उभ्या गिऱ्हाइकास मिळणारी तत्परता आणि गैरहजर गिऱ्हाइकास होणारा उशीर या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हेत. पहिलीचे मोल दुसरीने चुकविलेले असते. एकाच कारागिराची एकाने प्रशंसा करावी आणि दुसऱ्याने तक्रार, हे यावरून समजण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट हंगामाची. पुण्यात जून महिन्यात शाळा उघडतात आणि पाऊसही येतो. मुलांच्या सायकली वर्षभराच्या वापरासाठी तयार करावयाच्या असतात; ओल्या रस्त्यांमुळे चेन, छर्रे आणि ब्रेक यांची कामे वाढतात. खंडेनवमी-दसऱ्यास सायकल धुऊन, पुसून, हार घालून पुजावयाची, म्हणून त्याआधीचा आठवडाही गर्दीचा. अशा वेळी कामे दीडपट झाली की मुक्कामही दीडपट होईल, असे मानणे चूक आहे. कामे अनियमितपणे येतात आणि कारागीर एकच आहे, असा साधा नमुना घेतला, तर तो निम्मा वेळ व्यग्र असताना सायकलीचा सरासरी मुक्काम कृतिकालाच्या दुप्पट असतो. तो नव-दशांश वेळ व्यग्र असताना हाच मुक्काम दहापट होतो. काम दुपटीपेक्षाही कमी वाढले, मुक्काम पाचपट वाढला. जूनमधील 'उद्या-परवा' या शब्दाचे मर्म हे आहे. 'उद्या' आणि 'परवा' हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे निश्चित दिवस दाखवितात. त्यांचा समास मात्र अनिश्चितता दाखवितो. कारागीर जेव्हा 'उद्या' न म्हणता 'उद्या-परवा' म्हणतो, तेव्हा तो टाळाटाळ करीत नसून आपल्या रांगेचे यथार्थ वर्णन करीत असतो.

६. विलंबाची किंमत आणि वचनाचे स्वरूप

हा काळ कोणाच्या पदरात पडत असे, हे पाहिल्याविना या इतिहासाचे महत्त्व ध्यानी येणार नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली आणि पुढे त्या पट्ट्यात आणखी कारखाने आले. पेठांतून तेथवर सायकलीने जाणारा कामगार पाळीच्या भोंग्यास बांधलेला होता. त्याची सायकल एक दिवस दुकानात राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन तास आधी उठून चालावे लागे किंवा बसचे पैसे मोजावे लागत. पाळी चुकली तर रोजावरच गदा येई. सधन गृहस्थास जो उशीर त्रासदायक वाटे, तो रोजंदारीच्या माणसास खर्चाचा पडे. घरोघर दूध व वर्तमानपत्रे टाकणाऱ्यांची स्थिती यापेक्षा वेगळी नव्हती.

या अडचणीवर दुकानांनीच एक उपाय निर्माण केला होता. दुरुस्तीचे दुकान बहुधा भाड्याच्या सायकलींचेही दुकान असे. तासावर, दिवसावर सायकल मिळे. आपली सायकल टाकणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकास भाड्याची सायकल देता येई. त्यामुळे प्रत्यर्पणकाल तेवढाच राहिला तरी त्याची झळ कमी होई. शिवाय एखादा भाग मिळत नसेल, तर तो भाड्याच्या सायकलीचा काढून गिऱ्हाइकाच्या सायकलीस लावण्याची सोय असे. भाड्याचा ताफा हा अशा रीतीने दुकानाचा चालता-बोलता साठाही होता. पुढे ताफे मोडले गेले, तेव्हा हा साठाही गेला.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, सायकल दुरुस्तीस टाकणे म्हणजे निक्षेप होय. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे ४६ वे कलम सांगते की, वचनाच्या पूर्ततेचा काळ ठरविला नसेल तेथे ती वाजवी काळात व्हावयास हवी. आणि वाजवी काळ कोणता, हा त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न होय. १६१ व्या कलमानुसार, घेणाऱ्याच्या कसुरीने वस्तू योग्य वेळी परत केली गेली नाही, तर त्या वेळेपासून तिच्या हानीची जबाबदारी त्याच्यावर येते. उलट १७० व्या कलमाने, ज्या वस्तूवर आपले श्रम व कौशल्य खर्च केले, ती मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क कारागिरास दिला आहे. वाजवी काळ म्हणजे किती दिवस, याचे उत्तर कायद्याने दिले नाही, हे योग्यच झाले. आयातीच्या काळातील महिना, टंचाईच्या काळातील आठवडा आणि देशी उत्पादनाच्या काळातील दिवस हे सारखेच वाजवी असू शकतात. न्यायाधीशास जो प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारावा लागतो, तोच इतिहासकारास प्रत्येक कालखंडाविषयी विचारावा लागतो.

व्यवहारात मात्र न्यायालयाची पायरी क्वचितच कोणी चढत असेल. वचन पाळण्याची हमी ओळखीत होती. दुकान घराजवळ होते. त्याच कारागिराकडे पुन्हा जावयाचे होते. त्यालाही त्याच आळीत राहावयाचे होते. 'तुमची सायकल आज होणार नाही, भाऊसाहेब' असे सकाळीच स्पष्ट सांगणारा कारागीर त्या आळीत विश्वासू ठरे. मान वेगापेक्षा स्पष्टपणास अधिक होता.

७. १९७२ नंतरची स्थित्यंतरे

१९७२ साली पुण्यातच कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना बाजारात आली, आणि त्याच वर्षी बजाज ऑटोची चेतक आली. या वाहनांनी सायकलीस हळूहळू मागे सारले. दुकानांच्या दृष्टीने पाहता, घट सर्व वर्गांत सारखी झाली नाही. पंक्चरचे काम टिकले, कारण स्वयंचलित दुचाकीसही पंक्चर होते. ओव्हरहॉलिंगचे काम मात्र आटले. ते काम करणारा हात कमी झाला, नवा शिकाऊ येईनासा झाला, आणि पुष्कळ ठिकाणी दुकानाच्या जागी झाडाखाली पंप व घमेले घेऊन बसलेला माणूस तेवढा उरला. 'ओव्हरहॉलिंग' या शब्दाची जागा मोटारींच्या व्यवहारातून आलेल्या 'सर्व्हिसिंग'ने घेतली. दोन्ही शब्द इंग्रजीच. पण पहिल्यात वस्तू खोलण्याची क्रिया आहे, तर दुसऱ्यात गिऱ्हाइकाच्या सेवेचा करार आहे.

एकविसाव्या शतकात शहरांतून गियरच्या सायकली आल्या. शिमानो कंपनीने १९८४ साली खटक्याने गियर बदलणारी यंत्रणा आणली होती. तिच्या पिढ्या, दात्यांची संख्या, डिस्क ब्रेकचे प्रकार, मधल्या आसाची मापे यांत पुढे इतकी विविधता आली की एका नमुन्याचा भाग दुसऱ्यास बसेनासा झाला. तीनचार डब्यांत सर्व माल मावण्याचे दिवस त्या सायकलींपुरते संपले. आयातीच्या काळातील स्थिती अशा रीतीने वेगळ्या रूपाने परत आली आहे. कारागीर पुन्हा आधी नाव व नमुना वाचतो, भागाची मागणी नोंदवितो आणि वाट पाहतो. २०२० च्या महासाथीत सायकलींची मागणी जगभर वाढली आणि सुट्या भागांची टंचाई झाली, तेव्हा ही साखळी किती लांब आहे याचा प्रत्यय आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. साध्या काळ्या सायकलीचे युग ओसरत असल्याची ती एक ठळक खूण होती.

पुण्यात २०१७ च्या अखेरीस सार्वजनिक सायकल-योजना सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत बंद पडली. अशा योजनांत सायकलींची संख्या आणि थांबे यांची चर्चा पुष्कळ होते. मोडलेली सायकल किती दिवसांत रस्त्यावर परत येते, हा आकडा क्वचितच विचारला जातो. लिटल यांचा नियम येथेही लागू आहे. दररोज जितक्या सायकली बिघडतात, त्यास दुरुस्तीच्या सरासरी दिवसांनी गुणले की नेहमी बंद असणाऱ्या सायकलींची संख्या मिळते. दररोज वीस बिघडल्या आणि प्रत्येकीस दहा दिवस लागले, तर दोनशे सायकली कायमच्या वजा धराव्या लागतात. जुन्या भाड्याच्या दुकानात बिघडलेली सायकल रात्रीतून तयार करावी लागे, कारण सकाळी तीच भाड्याने द्यावयाची असे. मालक, दुरुस्ती करणारा आणि नुकसान सोसणारा हे तिघे तेथे एकच होते.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, प्रत्यर्पणकालाचा इतिहास सतत सुधारणेचा इतिहास नाही. सुट्या टायरने तो घटला, युद्धाने वाढला, मानकांमुळे पुन्हा घटला आणि मानकांच्या विविधतेमुळे पुन्हा वाढला. दुसरा, या काळाचा मोठा भाग कारागिराच्या हातात कधीच नव्हता. त्यामुळे त्याच्या 'उद्या'वरून त्याच्या स्वभावाची परीक्षा करणे अन्यायाचे आहे. तिसरा, हा इतिहास ज्या साधनांवरून लिहावयाचा, ती साधने झपाट्याने नष्ट होत आहेत.

या तिसऱ्या मुद्द्याकडे विभागातील संशोधक विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष वेधणे अवश्य वाटते. शहरात जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु वस्तू जपली गेली म्हणजे व्यवहार जपला गेला असे होत नाही. दुकान बंद झाले की भाड्याच्या व दुरुस्तीच्या वह्या रद्दीत जातात. त्या वह्यांत आल्याची तारीख, कामाचे नाव, नेल्याची तारीख आणि मजुरी एवढीच नोंद असली, तरी या निबंधात अनुमानाने मांडलेल्या पुष्कळशा गोष्टी आकड्यांनी तपासता येतील. त्याचप्रमाणे 'करून देतो' आणि 'करून ठेवतो' यांतील भेद अद्याप सहज पाळणारे कारागीर आज वृद्ध झाले आहेत. त्यांची परिभाषा, तिच्यातील कालवाचक रचना आणि त्यांचे स्थानिक पर्याय यांची नोंद सातारा, कोल्हापूर, नागपूर, बेळगाव अशा निरनिराळ्या ठिकाणी पद्धतशीरपणे झाली पाहिजे. पंक्चर सर्वत्र 'काढतात' की कोठे 'लावतात' याचा नकाशा काढता आला, तर मराठी-हिंदी सीमाप्रदेशातील भाषासंपर्कावरही त्यातून प्रकाश पडेल. हे काम एका पिढीच्या आत करावे लागेल. त्यापुढे विचारावयास कोणी राहणार नाही.